शीतप्रेमी सागरी जिवाणूंची एन्झाइमे उष्णतेने नेमकी कुठे ढळतात?

ऐरोलीच्या एका एम.एस्सी. विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अंटार्क्टिक समुद्राच्या पाण्यातून मिळवलेला एक जिवाणू तिच्या गटाने प्रकल्पासाठी मागवला आहे आणि तो २० अंश सेल्सिअसच्या वर वाढत नाही. त्याचे अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारे एन्झाइम, मात्र त्यांच्या चाचणीत ३० अंशांना सर्वाधिक काम करताना दिसले. त्याच महाविद्यालयातील दुसऱ्या गटाला त्याच नमुन्यातून २० अंश हा आकडा मिळाला. तेव्हा खरा आकडा कोणता, हा जिवाणू एन्झाइमे बिघडल्यामुळे मरतो का, आणि इतक्या नाजूक एन्झाइमचा उपयोग तरी काय, असे तिचे तीन प्रश्न आहेत. महापे-रबाळे पट्ट्यात एन्झाइमांचे शुद्धीकरण आणि गुणवत्ता तपासणी हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देते.

दोन्ही गटांचे मोजमाप बरोबर असू शकते. ज्याला आपण इष्टतम तापमान म्हणतो, तो आकडा रेणुभार किंवा ॲमिनो आम्लांचा क्रम यांच्यासारखा एन्झाइमचा अंगभूत गुण नसतो. तापमान वाढवले की अभिक्रियेचा वेग वाढतो, साधारणपणे दर १० अंशांना दुप्पट ते तिप्पट. आणि त्याच वेळी एन्झाइम निकामी होण्याचा वेगही वाढतो, तो कितीतरी अधिक तीव्रतेने. चाचणी संपते तेव्हा नळीत जमलेले उत्पादन हा या दोन वेगांच्या शर्यतीचा निकाल असतो, आणि शर्यत किती मिनिटांची ठेवायची हे आपणच ठरवलेले असते.

एक काल्पनिक उदाहरण आकड्यांत मांडते, कारण याबाबतीत शब्दांपेक्षा आकडे लवकर पटतात. समजा एक एन्झाइम २० अंशांना मिनिटाला १०० एकक उत्पादन देते आणि चाचणीच्या काळात अजिबात बिघडत नाही. ३० अंशांना ते मिनिटाला २०० एकक देते, पण दर १० मिनिटांनी त्यातले निम्मे निकामी होते. ४० अंशांना सुरुवातीचा वेग ४०० एकक आहे, पण अर्धायुष्य केवळ १ मिनिटाचे आहे. आता चाचणी २ मिनिटे चालवली, तर तिन्ही तापमानांना अनुक्रमे सुमारे २००, ३७० आणि ४३० एकक मिळतात, म्हणजे इष्टतम तापमान ४० अंश ठरते. १० मिनिटे चालवली, तर १०००, १४४० आणि ५८०. इष्टतम ३० अंश. अर्धा तास चालवली, तर ३०००, २५२० आणि पुन्हा ५८०. इष्टतम २० अंश. एन्झाइम तेच, हात तेच, फक्त घड्याळ बदलले. तुमच्या दोन गटांनी डीएनएस पद्धत वापरली असणार, जिच्यात सुटलेल्या साखरेमुळे येणारा रंग शेवटी एकदाच वाचला जातो. दोघांच्या वह्यांत इन्क्युबेशनचा वेळ काय लिहिला आहे ते आधी पाहा. बहुधा फरक तिथेच सापडेल.

म्हणून पहिली सूचना अशी की प्रत्येक तापमानाला एकच वाचन घेऊ नका. त्याच नळीतून पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या मिनिटाला थोडा थोडा नमुना काढून डीएनएसमध्ये टाका आणि उत्पादन विरुद्ध वेळ असा आलेख काढा. रेषा सरळ असेल, तर तुम्ही वेग मोजत आहात. ती वाकून आडवी होत असेल, तर तुम्ही एन्झाइमचा अंत मोजत आहात, अर्थात सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करते तो पदार्थ) संपलेले नाही किंवा उत्पादनच एन्झाइमला अडवत नाही याची खात्री वेगळ्या नळीत करून घेतल्यावर. दुसरी सूचना अशी की उष्णतेची बाधा मोजायची चाचणी पूर्णपणे वेगळी ठेवा: सब्स्ट्रेटशिवाय एन्झाइम ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ ठेवा, तिथून थेट बर्फात टाका आणि उरलेली क्रियाशीलता १० किंवा १५ अंशांसारख्या निर्धोक तापमानाला मोजा. या चाचणीतून अर्धायुष्य मिळते, आणि दोन प्रयोगशाळांनी एकमेकींशी ताडून पाहावा असा आकडा तोच.

इथवरचे सगळे कोणत्याही एन्झाइमला लागू आहे. शीतप्रेमी सागरी जिवाणूंच्या एन्झाइमांचे खास वैशिष्ट्य याच्या पुढे सुरू होते, आणि त्याचे सर्वात नीट अभ्यासलेले उदाहरण नेमके अमायलेजच आहे. अंटार्क्टिकातील फ्रान्सच्या द्युमाँ द्युर्व्हिल केंद्राजवळील समुद्रातून मिळालेल्या स्यूडोअल्टेरोमोनास हॅलोप्लँक्टिस या जिवाणूच्या अल्फा-अमायलेजवर बेल्जियमच्या लिएज विद्यापीठात शार्ल जेरडे, जॉर्ज फेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ काम केले. डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमीटरमध्ये, म्हणजे तापवताना प्रथिन किती उष्णता शोषते ते मोजणाऱ्या यंत्रात, हे प्रथिन सुमारे ४४ अंशांना उलगडते. डुकराच्या स्वादुपिंडातील अमायलेज सुमारे ६५ अंशांना, तर बॅसिलस अमायलोलिक्विफेशियन्सचे सुमारे ८६ अंशांना उलगडते. हा उतरता क्रम कोणालाही अपेक्षितच वाटेल. अनपेक्षित आहे ती दुसरी गोष्ट. बॅसिलसच्या एन्झाइमची क्रियाशीलता साधारणपणे त्याची रचना उलगडू लागते त्याच सुमारास घसरते. अंटार्क्टिक अमायलेजची क्रियाशीलता मात्र ३० अंशांच्या आसपासच उतरणीला लागते, म्हणजे जेव्हा कॅलरीमीटरला रचनेत काहीही बदल जाणवत नाही तेव्हा. प्रथिनाचा एकूण डोलारा शाबूत असतो आणि केवळ क्रियास्थान, म्हणजे जिथे अभिक्रिया घडते तो भाग, ढळलेले असते.

असे का होते, हे समजून घेण्यासाठी थंडीतली अडचण आधी पाहावी लागते. ३७ अंशांना आरामात चालणारे एन्झाइम ७ अंशांवर नेले, तर दर १० अंशांच्या घसरणीमागे वेग निम्मा ते एक-तृतीयांश होत जाऊन एकूण ८ ते २७ पट मंदावतो. समुद्राचे पाणी तर उणे १.८ अंशांच्या आसपास गोठेपर्यंत द्रव असते आणि त्यात जिवाणूंना विभाजन करायचे असते. अभिक्रिया होताना क्रियास्थानातल्या काही भागांना हलावे लागते, जुने हायड्रोजन बंध सुटून नवे जुळावे लागतात, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा थंड पाण्यातील रेणूंकडे क्वचितच असते. शीतप्रेमी एन्झाइमांनी हा खर्चच कमी केलेला आहे. त्यांचे क्रियास्थान आणि त्याचा परिसर सैल असतो. कमी बंध तोडून काम भागते, त्यामुळे सक्रियण एन्थाल्पी (अभिक्रिया घडवायला लागणारा ऊर्जेचा खर्च) कमी राहते आणि तापमान उतरले तरी वेग फारसा पडत नाही. १० अंशांना अंटार्क्टिक अमायलेजचा वेग डुकराच्या अमायलेजच्या सुमारे तिप्पट भरतो. याची किंमतही मोजावी लागते. सैल क्रियास्थान सब्स्ट्रेटला घट्ट धरत नाही, म्हणून या एन्झाइमांचा मायकेलिस स्थिरांक (कमाल वेगाच्या निम्मा वेग मिळायला लागणारे सब्स्ट्रेटचे प्रमाण) अनेकदा मोठा असतो. आणि जे स्थान शून्य अंशाला जेमतेम योग्य आकारात राहते, ते ३० अंशांच्या धक्क्यांत तो आकार टिकवू शकत नाही.

हा सैलपणा प्रथिनाच्या घडणीत कशामुळे येतो, याची यादी पाठ्यपुस्तकांत मिळेल: ॲमिनो आम्लांपैकी वळणांमध्ये प्रोलिन कमी, आर्जिनिन कमी, काही ठिकाणी ग्लायसिन जास्त, मीठसेतू (विरुद्ध भारांमधले बंध) कमी, आतला जलद्वेषी गाभा विरळ, पृष्ठभागावर ऋणभार अधिक. ही यादी वाचताना एक सावधगिरी बाळगा. यातले प्रत्येक लक्षण प्रत्येक एन्झाइममध्ये नसते, आणि केवळ क्रम पाहून 'हे शीतप्रेमी असणार' असे छातीठोकपणे सांगणारे प्रबंध मी संशयानेच वाचते.

अमायलेजच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी तुमच्या थेट कामाच्या आहेत. त्याला कॅल्शियम आणि क्लोराइड दोन्ही आयन लागतात. म्हणून सवयीने प्रत्येक बफरमध्ये ईडीटीए टाकत असाल, तर तुम्ही कॅल्शियम ओढून घेऊन एन्झाइम स्वतःच्या हाताने दुबळे करत आहात आणि नंतर दोष उष्णतेला देत आहात. दुसरी गोष्ट, अंटार्क्टिक अमायलेजचे उलगडणे बरेचसे परतवता येण्याजोगे असते, थंड केल्यावर रचना पुन्हा जुळते. बॅसिलसच्या अमायलेजचे तसे होत नाही. त्यामुळे 'निकामी' या शब्दाखाली दोन वेगळ्या घटना दडलेल्या असतात. रॉय डॅनियल, मायकेल डॅन्सन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेल्या समतोल प्रतिमानानुसार सक्रिय एन्झाइम आधी एका निष्क्रिय पण न उलगडलेल्या अवस्थेत जाते, या दोन अवस्थांमध्ये ये-जा चालू असते, आणि कायमचा नाश त्या निष्क्रिय अवस्थेतून पुढे होतो. हे प्रतिमान खरे असेल तिथे चाचणीचा वेळ कितीही कमी केला तरी एक इष्टतम तापमान शिल्लक राहते. वरच्या माझ्या काल्पनिक उदाहरणात ते राहत नव्हते, कारण त्यात मी फक्त कायमचा नाश धरला होता. तुमच्या एन्झाइमचे काय आहे, ते तपासणे अवघड नाही. ३५ अंशांना २ मिनिटे ठेवलेली नळी बर्फात टाका आणि काही वेळाने १० अंशांना मोजा. क्रियाशीलता जवळजवळ पूर्ण परत आली, तर ३५ अंशांना दिसलेली घट समतोलाची आहे. परत आली नाही, तर ती नाशाची आहे. प्रकल्पात ही एक जादा चाचणी असेल, तर परीक्षक तुमच्याशी निराळ्या पातळीवर बोलतील.

आता दुसरा प्रश्न: जिवाणू २० अंशांच्या वर वाढत नाही तो एन्झाइमांमुळेच का? तुमच्या अमायलेजमुळे नक्कीच नाही. ते पेशीबाहेर सोडले जाणारे एन्झाइम आहे आणि ते ३० अंशांनाही काम करते आहे. रिचर्ड मोरिता यांनी १९७५ मध्ये शीतप्रेमींची जी व्याख्या रूढ केली, तीनुसार ज्यांची वाढ १५ अंशांना किंवा त्याखाली सर्वोत्तम असते, २० अंशांच्या आसपास थांबते आणि शून्य अंशाला किंवा त्याखालीही चालू राहते, तेच खरे शीतप्रेमी, बाकीचे शीतसहिष्णू. या २० अंशांच्या मर्यादेमागे काय आहे, हा शोध त्याआधीच सुरू झाला होता. त्या काळी व्हिब्रिओ मरिनस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, आता मोरिटेला मरिना या नावाच्या सागरी जिवाणूवर मोरिता यांच्या गटाने काम केले. १९६६ मध्ये त्याचे मॅलिक डिहायड्रोजनेज उष्णतेला किती नाजूक आहे ते लँग्रिज आणि मोरिता यांनी दाखवले. त्याच जिवाणूच्या पेशी वाढीच्या मर्यादेपेक्षा गरम केल्या की त्यांच्यातून प्रथिने आणि न्यूक्लिइक आम्ले बाहेर झिरपू लागतात, हेही याच गटाने नोंदवले. म्हणजे पेशीचे पटल आधी फुटते की आतले एन्झाइम आधी बिघडते, हा वाद तेव्हापासूनचा आहे. याच जिवाणूच्या ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेजचे २५ अंशांना अर्धायुष्य केवळ सुमारे १० मिनिटांचे असल्याचे १९९८ मध्ये दिसून आले. ग्लुकोजच्या विघटनातील हा मधला दुवा इतक्या लवकर मोडत असेल, तर २५ अंशांना पेशी चालणार तरी कशी?

तरीही 'एन्झाइम नाजूक आहे' आणि 'म्हणून पेशी मरते' या दोन विधानांत अंतर आहे, आणि माझ्या मते ते अंतर सर्वात सुंदर रीतीने ओलांडले ते उलट दिशेने केलेल्या प्रयोगाने. कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठात फ्रान्सिस नॅनो यांच्या गटाने आर्क्टिकमधील शीतप्रेमी जिवाणूंची काही अत्यावश्यक जनुके, उदाहरणार्थ डीएनए लायगेज (डीएनएचे तुकडे जोडणारे एन्झाइम) तयार करणारे लिगए, फ्रान्सिसेला या रोगकारक जिवाणूत त्याच्या स्वतःच्या जनुकाच्या जागी बसवली. हे काम २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. बाकी सगळी पेशी उष्णरक्ताच्या प्राण्यात जगणाऱ्या जिवाणूची, आणि एकच एन्झाइम ध्रुवीय समुद्राचे. तेवढ्यावर त्या जिवाणूची वाढीची वरची मर्यादा खाली आली. अशा जिवाणूची जिवंत लस करता येईल, जी त्वचेच्या तुलनेने थंड भागात थोडी वाढेल पण शरीराच्या आतल्या उष्णतेत टिकणार नाही, ही त्यामागची कल्पना. एका अत्यावश्यक एन्झाइमची उष्णता-संवेदनशीलता पुरेशी असते, हे यातून सिद्ध होते. प्रत्यक्ष निसर्गात तेच एक एन्झाइम कारणीभूत असते, हे मात्र सिद्ध होत नाही, आणि बहुधा मर्यादेजवळ अनेक गोष्टी एकदमच सैल पडतात. तुमच्या अहवालात अमायलेजच्या आलेखावरून जिवाणूच्या मृत्यूचे कारण काढू नका. त्यासाठी पेशीच्या आतले एखादे अत्यावश्यक एन्झाइम मोजावे लागेल.

सैलपणा आणि नाजूकपणा हे अटळपणे एकत्रच येतात का, असा उपप्रश्न चर्चेत नेहमी निघतो. फ्रान्सेस अर्नोल्ड यांच्या प्रयोगशाळेने अंटार्क्टिक बॅसिलसच्या एस-४१ या सब्टिलिसिनमध्ये, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइममध्ये, निर्देशित उत्क्रांतीने (यादृच्छिक बदल आणि निवड पुन्हा पुन्हा करून) बदल घडवले आणि २००० मध्ये दाखवून दिले की थंडीतली क्रियाशीलता न गमावता त्याची उष्णता-स्थिरता वाढवता येते. याचा अर्थ नाजूकपणाचा काही भाग थंडीतल्या वेगासाठी मोजलेली किंमत असतो, तर काही भाग निव्वळ दुर्लक्षाचा असतो: कायम २ अंशांवर राहणाऱ्या जिवाणूच्या एन्झाइमला ५० अंशांना टिकण्याची निवड कधी झालीच नाही, मग यादृच्छिक उत्परिवर्तनांनी स्थिरता झिजत गेली तरी कोणी हटकले नाही.

आपल्याकडच्या हवामानात हे काम करताना काही गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात, कारण पाश्चात्त्य पद्धतिपत्रकांतले 'खोलीचे तापमान' म्हणजे २० ते २२ अंश असते आणि मे महिन्यात ऐरोलीत वातानुकूलन बंद असेल तर ते ३३ अंश असते. तुमच्या एन्झाइमसाठी हा फरक जगण्या-मरण्याचा आहे. सेंट्रिफ्यूजचा रोटर आदल्या रात्री कोल्ड रूममध्ये ठेवा. यंत्राच्या पडद्यावर ४ अंश दिसू लागले तरी धातूचा रोटर बराच वेळ गरमच असतो. पिपेटची टिप, नळ्या आणि सब्स्ट्रेट आधी थंड करा. कमी तापमानाला वाचन घेताना आपल्या दमट हवेत क्युव्हेटच्या (वाचनाच्या पारदर्शक कुपीच्या) भिंतीवर दव जमते आणि शोषणाचा खोटा आकडा येतो. कोरड्या नायट्रोजनचा हलका झोत ठेवता येत नसेल, तर क्युव्हेट पुसून ताबडतोब वाचा. ट्रिस बफर २५ अंशांना पीएच ७.५ ला लावले असेल, तर ४ अंशांना ते सुमारे ८.१ होते, कारण दर अंशामागे त्याचा पीएच ०.०२८ ने सरकतो. तापमानाचा आलेख काढताना ट्रिस वापरले, तर तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी बदलत असता. फॉस्फेट किंवा हेपेस या बाबतीत बरेच बरे, मात्र कॅल्शियम लागणाऱ्या अमायलेजला फॉस्फेट नको. ग्लिसरॉल साठवणीला चांगले, पण ते एन्झाइमला घट्टही करते, म्हणून चाचणीतल्या सगळ्या नळ्यांत त्याचे प्रमाण सारखे ठेवा.

जिवाणू मोजण्यासाठी पोर-प्लेट पद्धत (वितळलेल्या आगरमध्ये नमुना मिसळून ओतण्याची) वापरत असाल तर ती सोडा. आगर ओतण्याजोगे राहण्यासाठी ४५ अंशांच्या आसपास ठेवावे लागते, आणि तेवढा चटका खऱ्या शीतप्रेमी पेशींना पुरतो. आधीच थंड केलेल्या मरीन आगरच्या प्लेटवर पसरवा. याच कारणाने, तुमच्या वर्गमित्राने ठाणे खाडीच्या गाळातून ४ अंशांना वाढवलेले जिवाणू 'शीतप्रेमी' म्हणून लिहिले आहेत तेही तपासा. खाडीचे पाणी हिवाळ्यातही सहसा २० अंशांच्या खाली जात नाही. तिथे मिळतील ते शीतसहिष्णू, जे ४ अंशांना रेंगाळत वाढतात आणि २५ अंशांना जोमाने. प्लेटची एक जोडी २५ अंशांना ठेवली की दोन दिवसांत निकाल लागतो. दिवाळे कोळीवाड्याच्या बाजारात बर्फावरच्या मासळीवर मिळणाऱ्या शेवानेला आणि स्यूडोमोनास यांचेही तसेच. खरे शीतप्रेमी हवे असतील, तर ध्रुवीय समुद्र किंवा अरबी समुद्राचा खोल तळ, जिथे पाणी २ अंशांच्या आसपास असते, अशा ठिकाणचे नमुने लागतात, आणि ते जहाजापासून प्रयोगशाळेपर्यंत एकदाही गरम न होता यावे लागतात.

उपयोगाबद्दल बोलायचे तर थंड पाण्यात चालणाऱ्या धुण्याच्या पावडरी सगळ्यांना ठाऊक आहेत. माझ्या धंद्यात मात्र या एन्झाइमांचा नाजूकपणा हाच विकत घेतला जातो. कापलेल्या प्लाझमिडच्या, म्हणजे जिवाणूतल्या छोट्या डीएनए वलयाच्या, टोकांवरील फॉस्फेट काढायला वासराच्या आतड्यातले फॉस्फेटेज वापरले, तर नंतर ते काढून टाकण्याचा खटाटोप करावा लागतो. अंटार्क्टिक जिवाणूचे फॉस्फेटेज काही मिनिटे तापवले की संपते आणि त्याच नळीत पुढचे लायगेशन (डीएनएचे तुकडे जोडणे) करता येते. याहून मोठे उदाहरण युरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेजचे आहे. आरटी-पीसीआर (आरएनएवरून डीएनए बनवून त्याच्या असंख्य प्रती काढणारी चाचणी) करणाऱ्या प्रयोगशाळेत आधीच्या चाचण्यांचे उत्पादन हवेतून, पिपेटमधून नव्या नळीत जाऊन खोटे पॉझिटिव्ह येण्याची भीती असते. म्हणून सगळ्या उत्पादनांत थायमिनऐवजी युरॅसिल बसवतात आणि नवी चाचणी सुरू होण्याआधी हे एन्झाइम युरॅसिल असलेले जुने रेणू खाऊन टाकते. ई. कोलायचे ग्लायकोसिलेज ९५ अंशांनंतरही थंड झाल्यावर अंशतः जागे होते आणि नव्या उत्पादनावरही हात मारू लागते. शीतप्रेमी सागरी जिवाणूचे ग्लायकोसिलेज ५० अंशांच्या आसपास, म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजचा (आरएनएवरून सीडीएनए बनवण्याचा) टप्पा सुरू होतानाच, कायमचे संपते. त्यामुळे नव्याने बनणाऱ्या सीडीएनएला धक्का लागत नाही.

पण ५० अंशांना काही मिनिटांत संपणारे एन्झाइम तुर्भ्याच्या गोदामात उन्हात राहिलेल्या खोक्यातही हळूहळू संपतच असते, आणि ते संपले आहे हे चाचणीच्या निकालावरून कळत नाही. पॉझिटिव्ह पॉझिटिव्हच येतो, फक्त संरक्षण गेलेले असते. म्हणून आलेल्या प्रत्येक किट-लॉटमधून एका नळीत मुद्दाम युरॅसिलयुक्त जुने उत्पादन अत्यल्प मात्रेत टाकावे, शेजारी तेच ग्लायकोसिलेजशिवाय चालवावे, आणि दोन्हींच्या सीटी मूल्यांतला (संकेत कितव्या आवर्तनात दिसला त्या आकड्यांतला) फरक लॉटच्या नोंदीत लिहावा. तुमच्या महाविद्यालयात रिअल-टाइम पीसीआर यंत्र असेल, तर ही चाचणी प्रकल्पाचा शेवटचा भाग म्हणून सहज बसेल: एक नळी बर्फातली, एक दिवसभर टेबलावर राहिलेली, आणि एक ३७ अंशांना तासभर ठेवलेली.